कोरडी फरशी

मंजुश्री घरी आली तरी बसत नसे. माठाचं झाकण उचलून आत डोकावायची, मोरीतल्या साबणाला बोट लावून बघायची. नवरा, नागसेन, म्हणायचा, इथं तरी मार्क देऊ नको. ती हसायची, पण पाय हलतच राहायचा.

देऊळगाव राजात ती स्वच्छता निरीक्षक. दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या पायी फिरून बघायची. खुर्चीवर बसून शेरा मारणाऱ्यांतली ती नव्हती. पिंपात हात घालायची, नालीवर वाकायची, संडासाचं दार स्वतः उघडायची. काम तसंच करावं लागतं. लांबून बघितलेली फरशी नेहमी स्वच्छच दिसते.

बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गजेंद्रशेठचं कापडाचं दुकान. हिवाळ्यात तिथला संडास तिला इतका नेटका दिसला, की दारावर 'उत्तम'ची हिरवी पट्टी तिनं आपल्या हातानं चिकटवली. मे महिन्यात ती पुन्हा गेली. वरचे पत्रे तापून खोली भट्टी झाली होती. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या तानुबाईनं तिला पाणी आणून दिलं. तुम्हीही घ्या, मंजुश्री म्हणाली. तानुबाईनं मानेनंच नको म्हटलं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

संडासाला कुलूप होतं. शेठनं गल्ल्यातून किल्ली काढून हौसेनं दार उघडलं. आत सगळं लख्ख. मंजुश्रीनं वाकून फरशीवर तळहात ठेवला. ठणठणीत कोरडी. बादलीच्या तळाशी धूळ. साबणावरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती.

कोणी वापरत नाही का, तिनं विचारलं.

"तुमच्यासाठीच जपून ठेवलं, मॅडम," शेठ म्हणाला. "पट्टी लागली त्याच दिवशी कुलूप आणलं. घाण झालं तर तुम्ही काढून न्याल ना."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. उलट शाबासकीची अपेक्षा होती. बाया कुठं जातात म्हटल्यावर तो म्हणाला, स्टँडवर, मला विचारून. गिऱ्हाईक असलं तर थोडं थांबतात.

त्या दिवशी पुढची दुकानं तिनं कशी पाहिली, तिचं तिलाच ठाऊक. संध्याकाळी तिनं घरी निघालेल्या तानुबाईला रस्त्यात गाठलं. उन्हाळा लागल्यापासून तानुबाईला लघवीला आग होत होती, दोनदा ताप येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या.

"पाणी पेलं की विचारा लागते, ताई. माणसाले किती खेपा विचाराव?" तानुबाई म्हणाली. मग चालता चालता थांबली. "माझं नाव नका घेऊ. माझ्या जागी दुसरी बाई दारात उभीच हाय."

मंजुश्रीला रात्रभर त्या पट्टीचा हिरवा रंग दिसत राहिला.

सकाळी दुकान उघडताच ती हजर झाली. किल्ली मागितली, आत गेली, वापर केला, बादलीभर पाणी ओतलं. बाहेर आली तेव्हा तिच्या ओल्या चपलांचे ठसे गादीपर्यंत उमटले. मग तिनं नखानं पट्टी खरवडायला घेतली.

शेठचा चेहरा पडला. "आता काऊन काढून राह्यल्या? घाण तं नाही."

"वापरच नाही, त्याले साफ कसं म्हणू? घाण होऊ द्या, मग धुवा. मी कधीही येईन. फरशी कोरडी दिसली तर शेरा खराब."

"धुईन कोण?"

"पाळी लावा. तुमचीही."

शेठ कुलूप हातात घेऊन उभा राहिला. बाहेर गिऱ्हाईक आलं. त्यानं कुलूप गल्ल्यात टाकलं आणि गादीवर जाऊन बसला.

तानुबाईनं माठातून ग्लास भरला. अर्धा प्याली, शेठकडे पाहिलं. तो कापड मोजत होता. तिनं उरलेला अर्धाही संपवला.

पट्टीचा गोंद मंजुश्रीच्या नखाखाली चिकटून बसला होता. हिवाळ्यात अशा पट्ट्या तिनं गावभर लावल्या होत्या. शेठनं चहा मागवतो म्हटलं, पण ती थांबली नाही. शेजारच्या दुकानात शिरून तिनं आधी साबणाला बोट लावलं.