सायबीण पुढच्या घरी जाते

आमच्या वाडीच्या कपेलचं, म्हणजे छोट्या चर्चचं, छप्पर वादळात उडालं तेव्हा आम्ही सगळे एक होतो. ते परत घालायची वेळ आली आणि वाडीत दोन तट पडले. निम्म्यांना कौलं हवी होती, निम्म्यांना पत्रे. मी पत्र्यांच्या बाजूचा. वादळ पुन्हा येणार, कौलं पुन्हा उडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कौलवाल्यांचे पुढारी होते माझे शेजारी. धंद्याने सुतार, म्हणून सगळे त्यांना मेस्त म्हणतात.

पत्रे बसले आणि मेस्तांनी कपेलची पायरी चढणं सोडलं. त्यांच्यामागून अर्धी वाडी रविवारच्या मिस्सेला मालवणच्या मोठ्या चर्चला जाऊ लागली. पाऊस लागला की पत्र्यांवर असा ताशा वाजायचा की फादरांचं प्रवचन त्यांचं त्यांनाच ऐकू जात नसे. त्यात लादीन गाणारे वाडीत एकटे मेस्तच. लादीन म्हणजे मारियामातेची लांबलचक प्रार्थना. एकाने गायची, बाकीच्यांनी साथ द्यायची. ते गेल्यावर आमची लादीन म्हणजे दात दुखणाऱ्या माणसाचं कण्हणं झालं.

"फेस्तापर्यंत बघतो," फादर एका रविवारी म्हणाले. "इतक्या थोड्या माणसांसाठी दर आठवड्याला येणं मला जमणार नाही."

फेस्त म्हणजे कपेलचा वार्षिक सण, तो डिसेंबरात. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकेना. या कपेलमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आईची शवपेटी इथूनच उचलली. आणि आता कुलूप? मी स्कूटर काढून घरोघर फिरलो, मुंबईवाल्यांना फोन केले. सगळे "हो हो" म्हणाले. आला कोणीच नाही. प्रार्थनेला बसलो तरी मनात फादरांशी वाद चालू.

शेवटी बायको म्हणाली, "सायबीण फिरवया."

सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती. ती एकेका घरी एकेक रात्र मुक्काम करते. दुसऱ्या संध्याकाळी त्या घराने तिला मिरवत शेजारच्या घरी पोचवायचं. पुढचं घर मेणबत्ती लावून वाटेवर उभं राहतं. आमच्याकडे हे वादळानंतर बंदच पडलं होतं. कल्पना मला पटली, पण घरांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. माझ्यानंतर मेस्त.

"क्रम जरा बदलूया," मी म्हटलं. "त्यांनी दार नाही उघडलं तर? सगळ्यांसमोर सायबिणीचा अपमान."

"बेथलेहेमात तरी खंय कोणी दार उघडल्यानी तिका?" बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "तिका सवय आसा. तुमका नाय."

तरीही मी दिवसभर कुरकुरत होतो.

सायबीण आमच्याकडे आली. सकाळी चहा घेऊन मी तिच्यासमोर बसलो. शब्द काही सुचेनात. मग सरळ म्हटलं, आई, मी सगळे उपाय करून थकलो, आता तू बघ. एवढं बोलल्यावर फार दिवसांनी छाती हलकी झाली. चहा संपेपर्यंत तशी राहिली, मग पुन्हा येरझाऱ्या सुरू.

माझं अंगण आणि मेस्तांचं परसू यांच्यामध्ये दगडी गडगा आहे. सायबीण पूर्वी त्यातल्या खिंडारातूनच पलीकडे जायची. भांडणानंतर ते खिंडार चिऱ्यांनी बुजलं. त्यांनी बुजवलं असं मी म्हणतो, मी बुजवलं असं ते म्हणतात. त्यामुळे संध्याकाळी आम्ही डांबरी रस्त्याने वळसा घालून निघालो. मूर्ती माझ्या हातात, मागे बायका आणि दोन-चार म्हातारे.

मेस्तांच्या फाटकाशी काळोख. मेणबत्ती नाही, माणूस नाही, ओटीवरचा दिवासुद्धा नाही.

आयुष्यभर मी बस चालवली. थांब्यावर माणूस नसेल तर गाडी थांबवायची नाही, हे अंगात भिनलेलं. "चला पुढच्या घरी," मी म्हटलं. पुढे गेलो की सगळं संपलं, मेस्तही गेले आणि कपेलही, हे मला कळत होतं. बायकोने तर तिथेच रस्त्यावर गुडघे टेकले. बाकीच्या बायकाही टेकल्या. माझे हात भरून आले. राग मेस्तांचा, फादरांचा, पत्र्यांचा, खरं सांगायचं तर देवाचाही.

तेवढ्यात घरामागून, पार परसातून, हाक आली.

"खंय उरलास रे? मेणबत्ती संपत इली माझी!"

आम्ही तसेच उलटे फिरलो, माझ्या अंगणात आलो. गडग्याचं खिंडार मोकळं होतं; निघताना मी तिकडे पाहिलंही नव्हतं. चिरे बाजूला रचलेले, आणि पलीकडे इस्त्रीचा सदरा घालून मेस्त उभे. हातात मेणबत्तीचं थोटूक, बोटांवर मेण ओघळलेलं. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"रस्त्यान कित्याक गेलात?" ते खेकसले. "सायबीण कधी रस्त्यान इली आमच्याकडे?"

मी मूर्ती पुढे केली. त्यांनी ती लेकराला घ्यावी तशी दोन्ही हातांनी घेतली.

"पत्रे वायटच," ते म्हणाले.

"असांदी," मी म्हटलं. "पावसात लादीन मोठ्यान गावा."

ते वळले, आणि चालता चालता त्यांनी लादीन सुरू केली. मी साथ द्यायला तोंड उघडलं तर रडूच आलं. म्हणून पहिली ओळ बाकीच्यांनीच म्हटली.

फेस्त अजून व्हायचं आहे. फादर काय ठरवतील ठाऊक नाही, माझ्या येरझाऱ्याही थांबलेल्या नाहीत. पण रविवारी सकाळी मेस्त आता त्या खिंडारातून येतात, आणि मला उशीर झाला तर अंगणातूनच ओरडतात. चिरे तसेच रचलेले आहेत. ते परत लावायचं नाव दोघांपैकी कोणी काढत नाही.