मावशीची रेष

कुणाच्या मावशीला गाण्याचं वेड असतं, कुणाच्या मावशीला बागेचं. माझ्या मावशीला एका पांढऱ्या रेषेचं होतं. ती बॅडमिंटनची लाइन जज होती. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसायचं, वाट्याला आलेल्या एका रेषेवर नजर खिळवायची आणि शटल आत पडलं की बाहेर, एवढंच सांगायचं. बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरून खणखणीत "आउट!" आत पडलं तर तोंडातून अवाक्षर नाही, फक्त उजवा हात रेषेकडे. घरी आल्यावर आम्ही विचारायचो, "कोण जिंकलं गं?"

"मला काय माहीत? माझ्या रेषेवर काही गडबड झाली नाही."

तिसरी एक खूण होती. शटल दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. मावशीच्या लेखी ही खूण म्हणजे शिवीच. "डोळे झाकायचे तर मग तिथं बसायचं कशाला?" असं म्हणायची. तिने ती कधी केल्याचं कुणालाच आठवत नाही.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, संध्याकाळी हॉलवर. त्या हॉलचं पत्र्याचं छप्पर, पिवळट दिवे, खांद्याला चोळायच्या मलमाचा वास आणि कोपऱ्यात साठलेली तुटकी पिसं मला अजून जशीच्या तशी आठवतात. ताई, म्हणजे मावशीची मुलगी, आणि मी शाळा सुटली की तिथेच. ताई खेळायची. मीही खेळायचे, पण माझ्या हातातली रॅकेट बघून काका म्हणायचे, "केर काढून झाला की सांग." हे काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्या हातून ओट्यावर आमटी सांडली तरी मावशी चिडायची नाही, नुसता डाग कुठे पडलाय तिकडे हात करायची. काका म्हणायचे, "या घरात दाद मागायची सोयच नाही."

मुलीच्या मॅचला आईने बसू नये असा आमच्या क्लबचा रिवाज. पण ताईच्या फायनलला ऐनवेळी एक जज आजारी पडला. कोण बसणार? तर समोरच्या मुलीचे वडीलच म्हणाले, "याच बसू देत. यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मावशी बसली. मॅच शेवटपर्यंत रंगली, आणि शेवटच्या पॉइंटला ताईचं शटल रेषेच्या नखभर बाहेर पडलं. मावशीचे हात पसरले. "आउट!"

ताई हरली. घरी येऊन तिने अबोला धरला. आम्हाला वाटलं, आईने बाहेर दिलं म्हणून. अखेर एकदाची बोलली ती अशी, "शटल बाहेरच होतं, ते मलाही दिसलं. पण अख्ख्या मॅचमध्ये तू माझ्याकडे एकदा तरी बघितलंस का गं?"

"रेष सोडून कशी बघणार?" मावशी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. पुढे ताईने रॅकेट कपाटावर टाकली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली.

मग आमच्या शहरात पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली आणि लाइन जजमध्ये मावशीची निवड झाली. वयाची अट होती, पुढच्या वर्षी मावशी त्यात बाद होणार होती. म्हणजे आयुष्यातली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि तीच शेवटची. घरी निळं जाकीट आलं. ते घालून मावशी आरशासमोर "आउट!" ओरडली आणि शेजारीण धावत आली. काका रोज तिच्यासमोर शटल फेकायचे, ती फरशीच्या सांध्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायची.

आणि साथ आली. आधी दुकान बंद, मग हॉल, मग स्पर्धाच रद्द. फोन मावशीनेच घेतला. "बरोबर आहे हो. माणसं जगली पाहिजेत आधी," म्हणाली, आणि जाकीट घडी घालून कपाटात ठेवून दिलं. रडली नाही, कुरकुरली नाही. मलाच इतका राग आला की काय सांगू! तिने हयात घालवली होती त्या खुर्चीवर. एवढं एक तरी मिळायला नको होतं का?

ताई तेव्हा सुट्टीवर घरी आली होती, ती इथेच अडकली; मी खालच्याच मजल्यावर राहायचे. एका संध्याकाळी काकांनी गच्चीवर खडूने कोर्ट आखलं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकली आणि निळं जाकीट आणून मावशीपुढे धरलं. "चला, स्पर्धा सुरू होतेय."

"काहीतरीच काय! ही कुठली आंतरराष्ट्रीय?"

"समोरच्या इमारतीत एक परदेशी भाडेकरू आहे. खिडकीत उभा आहे बघ. झाली की नाही?"

मावशी हसली, जाकीट घालून खुर्चीवर ताठ बसली. ताईने कपाटावरची रॅकेट झटकली. मी तिच्यासमोर म्हणजे बळीचा बकरा. सुरुवातीला तिचे हात आखडले होते, मग हळूहळू सुटले. मी कुठेही मारावं, ही आधीच तिथे पोचलेली. मनगट वळवून अलगद शटल सोडायची ती तिची जुनी लकब जशीच्या तशी होती. मी धापा टाकत होते आणि मनातून खूशही होते. मावशीचे "आउट" आधी दणक्यात येत होते. मग ते थांबले.

ताईने एक शटल उंच उडवलं. ते माझ्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या रेषेपाशी पडलं. मावशी तिथेच बसली होती. आम्ही दोघी तिच्याकडे वळलो.

हात पसरले नाहीत. रेषेकडेही गेले नाहीत. मावशी क्षणभर गोंधळली, मग सावरून ताठ बसली आणि अगदी नियमाप्रमाणे तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"आई?" ताई चादरीपाशी आली. "एवढं समोर पडलं, दिसलं नाही तुला?"

"नाही गं," हातांआडून मावशी म्हणाली. "तुझ्याकडे बघत होते."