डुकराला अंगाई

लोसालिने डोळे उघडे ठेवून झोपते, असं उइहा बेटावर सगळे म्हणत. लहानपणी शिंपले वेचायला पाठवावं, तर भरती घोट्यापर्यंत आली तरी हिची टोपली रिकामी आणि ही पाण्यातल्या ढगांकडे बघत उभी. पुढे लग्न होऊन ऑकलंडला गेली, एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात नोकरीला लागली, दोन मुलांची आई झाली, पण खोड काही गेली नाही. गरम चादरींच्या घड्या घालता घालता तिला त्यांत होड्या दिसत, मासे दिसत. कोणी हाक मारली की दचकून "अं?" करायची. नवरा सेमिसी बस चालवायचा. तो म्हणे, "देवाची कृपा, बस माझ्या हाती दिली, हिच्या नाही दिली."

गेली दोन वर्षं मात्र तिला चादरींत होड्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिसरं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. आता पुन्हा नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तिनं मनात नाव ठरवून ठेवलं होतं, ते कोणाला सांगायचं राहूनच गेलं. ओफा आणि मोसेसे शेजारी शेजारी झोपले की त्या दोघांच्या मध्ये ती पांघरूण थोडं सैल ठेवायची, कोणीतरी यायचं असल्यासारखं.

आणि एक दिवस धाकट्या भावाच्या बायकोचा, फानेचा, फोन आला. "वन्सं, तुमची लेक चालायला लागली. न्यायला कधी येताय?"

लोसालिने मळक्या कपड्यांच्या ढिगावर मटकन खाली बसली. भावाला आधीची चार होती, ही पाचवी. उइहावर या घरचं पोर त्या घरी जाणं हे काही नवल नव्हे. अर्धं गाव आत्याकडे नाहीतर आजीकडे वाढलेलं. भावाला आपलं दुःख कळलं आणि त्यानं न मागता ओंजळ भरली, असं तिला वाटलं. विचारायचं कसं? सख्ख्या भावापुढे पोट, बाळंतपण हे शब्दसुद्धा काढायचे नसतात. आणि भेट कशाला देताय, हे भावजयीला विचारणं म्हणजे भेटीच्या तोंडावर थुंकणं. तिनं विचारलं नाही. ती रडली, हसली, आणि त्या दिवशी तिच्या हातून चादरींचं एक अख्खं गाठोडं गुलाबी रंगात रंगून निघालं.

सेमिसीला रजा मिळेना. सहा वर्षांची ओफा, तीन वर्षांचा मोसेसे, डबाबंद मांसाची खोकी आणि इवल्या झबल्यांची बॅग घेऊन लोसालिने एकटीच निघाली. विमानात मोसेसे तिच्या दंडावर लाळ गाळत झोपला. ओफाचे प्रश्न काही संपेनात.

"आई, ती माझी बहीण आहे की मामेबहीण?"

"जाताना मामेबहीण, येताना बहीण."

"मग समुद्रात कुठे बदलते ती?"

लोसालिने खिडकीतून खाली बघू लागली. खाली निळ्यावर निळं पसरलं होतं आणि त्यात कुठे कुठे पांढरी शिवण घातली होती. ती जागा खरंच दिसेल असं तिला वाटत राहिलं, आणि ओफाला उत्तर द्यायचं ती विसरून गेली.

शेवटचा टप्पा छोट्या होडीचा. मोसेसेनं आईच्या टोपीत ओकारी काढली आणि टोपी समुद्रात गेली. दूर उइहाची माडांची रांग पाण्यावर तरंगल्यासारखी दिसायला लागली, आणि लोसालिनेला वाटलं, आपण बेटाकडे जात नसून बेटच आपल्याकडे निघालंय, कडेवर कोणाला तरी घेऊन.

किनाऱ्यावर भाऊ, सायमोने, उभा होता. त्यानं बहिणीकडे मान वर करून पाहिलं नाही, पण सगळी खोकी एकटाच उचलली. सामान दाराशी ठेवलं आणि आपली उशी काखेत मारून चुलतभावाकडे झोपायला चालू लागला. मोठी बहीण एका छपराखाली असताना भावानं तिथे राहायचं नाही, हे काय सांगावं लागतं? तेवढ्यात मोसेसेनं त्याला अडवलं.

"मामा, टोपी दे."

मामानं टोपी काढून दिली.

"बॅटरी पण."

बॅटरीही दिली. भाच्याचा हक्क! मामानं हूं की चूं करायचं नसतं.

"पुरे रे," लोसालिने ओरडली. "आता मामाचे दात तेवढे माग!"

सायमोने खाली बघून हसला आणि बोडक्या डोक्यानं निघून गेला.

मुलगी अंगणापलीकडच्या घरात होती, वाई आत्याच्या मांडीवर. वाई ही लोसालिनेची आणि सायमोनेची सख्खी आत्या, म्हणजे या कुटुंबात लोसालिनेच्याही वरची, गावात कोणाची भीड न ठेवणारी. मुलगी गोल चेहऱ्याची, कपाळावर केसांचा भोवरा. तिनं लोसालिनेचं नाक पकडलं आणि सोडेना.

"नाव काय हिचं?" लोसालिनेनं नाकातून विचारलं.

"नाव तुम्ही ठेवणार ना, वन्सं," उंबऱ्याशी उभी असलेली फाने म्हणाली. "आम्ही पाहुणी म्हणतो."

ही पाहुणी वाई आत्याकडे जेवायची, वाई आत्याकडेच झोपायची. अंगणात पडली, रडली, तर फाने तिच्याकडे पाठ करून चटईसाठी केवड्याची पानं सोलत बसे. एकदा मुलगी दुडुदुडु चालत तिच्या पायाशी आली, तर फानेनं पाय पोटाशी ओढून घेतले. लोसालिनेला ते लागलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. हिला पोरीची माया नाही, मग मी नेतेय तेच बरं. असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटणं काही थांबलं नाही. झबली पोरीला बरोब्बर बसली. तिसऱ्या दिवशी ती लोसालिनेच्या छातीवर पालथी पडून झोपली, आणि लोसालिने श्वाससुद्धा बेतानं घेत राहिली.

निरोपाच्या जेवणासाठी नीरफणसाखाली एक डुक्कर बांधलं होतं, चांगलं खाऊन गुबगुबीत. दुपारी जेवणं झाली, गाव आडवं झालं, कापडासाठी झाडाची साल झोडपून झोडपून पातळ करणाऱ्या बायकांचे ठोकेही थांबले, की फाने त्या डुकरापाशी जाऊन बसे आणि अंगाई म्हणे. गुणगुणणं नव्हे, चांगली खड्या आवाजात.

"फानेच्या डोक्यावर नारळ पडलाय," वाई आत्या म्हणायची. "परवा भाजायचं डुक्कर, त्याला आज झोपवतेय."

लोसालिने चटईवर पडून ते ऐकायची. अर्धवट झोपेत तो आवाज पाण्यासारखा घरात शिरे, चटई अलगद उचले, आणि ओफा, मोसेसे आणि मधली ती तिसरी अशी तिघं होडीत बसून तिच्यापासून लांब जात. तिसरीचा चेहरा मात्र कधी दिसायचा नाही. ती जागी होई तेव्हा उशी ओली असे.

चौथ्या दिवशी ओफा धापा टाकत आली. "आई, मामी डुकराला गाणं म्हणते ना, ते डुक्कर झोपतच नाही. बाळच झोपतं."

"असू दे. झोप तू."

"आणि आज वारा तिकडून होता ना, तर मामी डुकराला सोडून बाळाच्या घराच्या कुंपणाशी गेली. तिथे उभी राहून म्हणत होती. डुकराला ऐकूसुद्धा नसेल आलं."

लोसालिने उठून बसली. या वेळी तिचे डोळे खरोखर उघडे होते.

ती अंगण ओलांडून वाई आत्याकडे गेली. पोर झोपली होती, आत्या पंख्यानं माश्या वारत होती.

"आत्या, फानेला ही पोर द्यायची नाहीये का गं?"

"आत्ता सुचलं होय विचारायला?" आत्या फिसकन हसली. "मागितलीस तेव्हा विचारायचं."

"मी? मी कधी मागितली? त्यांनी आपणहून दिली!"

"आपणहून! गेल्याच्या गेल्या वर्षी चर्चच्या जेवणाला आली होतीस. इथे, या चटईवर बसलीस. फानेच्या पोटावर दोन्ही हात ठेवलेस आणि म्हणालीस, ही माझी हं, मला ठेवा. आम्ही दहा बायका होतो."

लोसालिनेला ते शब्द आठवेनात. पण हाताला आठवलं. ताणलेलं, ऊन पोट आणि आतून बसलेली एक लाथ. आपलं रिकामं होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

"अगं, गंमत केली असेल मी!"

"तू आत्या आहेस. आत्याची कधी गंमत असते? तुझ्या लेकानंही टोपी गमतीतच मागितली ना? आहे का सायमोनेच्या डोक्यावर टोपी?"

लोसालिनेनं झोपलेल्या पोरीकडे पाहिलं.

"तीन महिन्यांची होती तेव्हा फानेनं दूध तोडून माझ्याकडे आणून टाकली. म्हणाली, मला सवय नको. दूध तुटलं गं, पण पाझर कुठे जातो? दुपारी अंगावर धार लागायची, तेव्हापासून ती त्या डुकराच्या आईला गाणी म्हणायची. ती डुकरीण भाजली, मग हे आलं."

"मग मी नाही नेत हिला. परत देते."

"परत?" आत्यानं पंखा खाली ठेवला. "दिलेलं पोर आत्यानं परत केलं, तर गाव काय म्हणेल? पोरीत खोट निघाली म्हणेल. फानेनं मग तोंड कुठे लपवायचं? तोंडातून गेला तो शब्द गेला, बाई. आत्याबाईला मिशा असत्या तर, असलं काही आता बोलू नकोस."

ती संध्याकाळ लोसालिनेनं पोरीला मांडीवर घेऊन किनाऱ्यावर काढली. तिला ती पोर हवी होती. हे लपवण्यात काही अर्थ नाही, तिला ती इतकी हवी होती की दात दुखत होते. गप्प राहिलं तरी कोणी नाव ठेवणार नव्हतं. उलट न नेलं तरच बोभाटा. ओहोटीचं पाणी कुरकुरत मागे चाललं होतं, मुलगी ओल्या वाळूच्या मुठी भरभरून तिच्या गळ्यात घालत होती, आणि लोसालिनेला पहिल्यांदाच त्या होडीतल्या तिसरीचा चेहरा दिसला. तिच्या कपाळावर भोवरा नव्हता. ती निराळीच होती, आणि ती गेलेली होती. लोसालिने खूप वेळ रडली. पोरीनं तिच्या गालावर वाळू थापली.

दुसऱ्या दिवशी निरोपाचं जेवण. पुढच्या आठवड्यात दत्तकाच्या कागदांसाठी राजधानीत न्यायाधीशांपुढे उभं राहायचं होतं. सकाळीच माणसं जमली, चटया पसरल्या, भुईत भट्टीचा खड्डा खणून तयार. लोसालिनेला सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी बसवलं. सायमोने रीतीप्रमाणे दाराबाहेर, पाठमोरा. फाने खालच्या टोकाला मान घालून बसली होती.

लोसालिनेनं पोरीला मांडीवर घेतलं. ती बोलली ती हक्काच्या आत्याच्या आवाजात.

"हिचं नाव सिआले." सिआले म्हणजे अनंताचं फूल. दोन वर्षं मनात ठेवलेलं नाव ते हेच. "ही माझी लेक आहे. सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं," बायका म्हणाल्या.

"फाने?"

"हो, वन्सं."

"मग माझी लेक कुठे वाढवायची, ते मीच ठरवणार."

"हो, वन्सं."

"मी दिवसभर धुलाईघरात. मी ही असली वेंधळी, पोर बसमध्ये विसरून घरी येईन. शिवाय ऑकलंडची थंडी. माझी लेक मला इथेच वाढवायची आहे. तुझ्या घरात. वाई आत्याकडे नाही, तुझ्या अंथरुणात. ती रडली तर तू उचलायचीस. मी सांगतेय म्हणून."

फानेनं हळूहळू मान वर केली. "वन्सं, थट्टा करताय का?"

"आत्या थट्टा करत नाही," लोसालिने म्हणाली. "नाही म्हणायची सोय आहे का तुला?"

"नाही, वन्सं."

पोरीनं लोसालिनेची कॉलर मुठीत धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. फानेनं तिला घेतलं ते गरम भांडं घेतल्यासारखं, अंगापासून लांब धरून. मग अचानक तिचे कोपर दुमडले, आणि पोरीच्या मानेत तोंड खुपसून ती असा काही आवाज काढून रडली की बाहेरचं डुक्करसुद्धा केकाटलं. वाई आत्या मोठ्यानं म्हणाली, "बघा, पोर आत्याची आणि ओझं आईला," आणि बाहीनं नाक पुसलं.

दाराबाहेर सायमोने बराच वेळ खाकरत होता. शेवटी पाठमोराच म्हणाला, "ताईला विचारा, डुकराचं काय करायचं?" त्याला याहून जास्त बोलता येत नव्हतं, आणि लोसालिनेला ते सगळं ऐकू आलं.

ती उत्तर देण्याआधीच, मामाची टोपी नाकापर्यंत घातलेला मोसेसे उभा राहिला. "डुक्कर माझं!"

झालं. मामा डुक्कर देऊन मोकळा झाला. गावानं त्या दिवशी ऑकलंडहून आलेले मांसाचे डबे फोडले आणि भाच्याच्या नावानं बोटं मोडत खाल्ले.

दुपारी गाव आडवं झालं. लोसालिनेनं फानेचं घर फानेला मोकळं करून दिलं आणि ती दोन्ही मुलांना घेऊन वाई आत्याच्या चटईवर येऊन पडली. झबल्यांची बॅग ती तिकडेच ठेवून आली होती.

"आई," ओफा कुजबुजली, "आज मामी गात नाहीये?"

"गातेय."

"मला नाही ऐकू येत."

"इथवर पोचायला नकोय ना आता ते गाणं. झोप."

ओफा झोपली. मोसेसे आधीच झोपला होता. लोसालिनेनं दोघांच्या मधलं पांघरूण ओढून सारखं केलं आणि डोळे मिटून जागी पडून राहिली. बाहेर नीरफणसाखाली डुक्कर कान टवकारून बसलं होतं. त्याला आज कोणी अंगाई म्हटली नाही.