रंगूनहून आलेली पोटली

आमच्या लातूरला समुद्र नाही. त्या वर्षी तर प्यायलाही पाणी नव्हतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी दुकान, पूजा, अभ्यास सगळं बाजूला ठेवून आम्ही घागरी घेऊन उभे राहायचो. अशा गावात समुद्रावर सभा भरली आणि त्या सभेला मी वही-पेन घेऊन हजर होते, हे आज सांगितलं तर घरातली पोरं हसतात.

जिल्हा होऊन दहाएक वर्षं झाली असतील, तरी आम्ही त्याला नवा जिल्हाच म्हणायचो. प्रत्येक कामासाठी उस्मानाबादला खेटे घालायचे दिवस संपले, याचा आनंद लोकांना पुरवून पुरवून वापरायचा होता. पण नव्या जिल्ह्यावर पाऊस काही खूश नव्हता. सलग दोन वर्षं तूर शेतातच वाळली. आमचं गाव डाळीचं. डाळमिलांचा आवाज बंद झाला की शहर आजारी असल्यासारखं वाटायचं. डाळ निवडणाऱ्या बायका सकाळी सवयीने मिलच्या दारापर्यंत यायच्या, थोडा वेळ बसायच्या आणि परत जायच्या.

तेव्हा ती सभा झाली. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि बंगालच्या उपसागरावरून छडी फिरवत सांगितलं की, या पाण्याच्या काठचे देश एकमेकांचे शेजारी आहेत, शेजाऱ्यांनी मधले दलाल काढून थेट व्यवहार करावा, यात सगळ्यांचं भलं आहे. बर्मात तूर उदंड पिकते आणि तिथले लोक ती खात नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. मागून एक म्हातारे व्यापारी उठले. "साहेब, शेजारी हायत ते कळलं. तूर कधी देतेत तेवढं सांगा." सगळा हॉल हसला. मीही हसले. अण्णा तर सर्वांत मोठ्याने हसला.

अण्णा माझा थोरला भाऊ. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना आप्पा. निलंग्याकडचं लिंगायत घर, बोलण्यात निम्मं कानडी. आप्पांची छोटी डाळमिल होती आणि अण्णा मालाचा पारखी. तुरीचा दाणा दातांखाली धरला की त्यात ओल किती, कुठल्या शिवारातली, यंदाची की गेल्या सालची, हे तो सांगायचा. आमच्या बाजारात सौदा पोटलीवर होतो. मालाचा मूठ-दोन मूठ नमुना छोट्या फडक्यात बांधायचा, त्याला खास गाठ मारायची, पोटली पाहून भाव ठरवायचा आणि मग ट्रकभर माल त्या पोटलीसारखाच निघाला पाहिजे. आप्पा रोज अशा पोटल्या घरी आणायचे, कारण शेवटची परीक्षा अव्वाची. ती प्रत्येक पोटली सोडायची, तूर जात्यावर भरडायची, डाळ शिजायला घालायची आणि सांगायची, "ही लवकर शिजती," नाहीतर, "ही दगड हाय, घेऊ नका." बाजारातले मोठमोठे लोक अव्वाच्या चुलीला वचकून असायचे.

पाच-सहा मिलवाले एकत्र आले आणि रंगूनहून थेट तूर आणायचं ठरलं. पत्रं इंग्रजीत लिहायची होती आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच त्यांना फुकटात मिळत होते. मी टाईपरायटरपुढे बसले. तिकडून उत्तरं लिहायचे एक वृद्ध तमिळ व्यापारी. त्यांच्या चार पिढ्या रंगूनला गेलेल्या. फार सुरेख अक्षर, फार अदब. त्यांच्या-माझ्यात महिनोन्महिने अटींचा व्यवहार चालला. ओल किती चालेल, फुटका दाणा किती, खडा-माती किती, कीड लागली तर काय, पोती भिजली तर काय, माल परत करायचा झाला तर कुणी कसा करायचा. मी एक गोष्ट सोडली नाही. मिलवाले म्हणायचे, "पोरीनं वकिलावर ताण केली." मला तेव्हा भयंकर गर्व होता. आज त्या गर्वाची आठवण आली तरी कान तापतात.

तिथे जाऊन माल पारखायला आपला माणूस हवा होता. अण्णाच जाणार हे कुणी न सांगताच ठरलं. अव्वाचं मन नव्हतं. निलंग्याची एक मुलगी तिने पाहून ठेवली होती. "आधी लगीन, मग समुद्र," असं ती म्हणायची. अण्णा म्हणाला, "अव्वा, समुद्र बघून येतो, मग लगीन. दोन्हीत बुडायचंच हाय, आधी पोहायला तर शिकू दे." अव्वाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. निघताना तिने त्याच्या गळ्यातली चांदीची डबी हातात घेऊन तिची दोरी ओढून पाहिली. त्या डबीत त्याचं इष्टलिंग, अंगावर वागवायचं शिवलिंग. बारशाच्या वेळी बांधलेलं. आमच्यात ते जन्मापासून माणसासोबत असतं आणि शेवटीही त्याच्याचसोबत जातं.

त्याची तीन पत्रं आली. "इथे पाणी इतकं आहे की लोकांना त्याची किंमतच नाही. अव्वाला सांग, मी रोज दोनदा आंघोळ करतो, एकदा तुमच्या सगळ्यांच्या नावाने." दुसऱ्यात लिहिलं होतं की, तूर चांगली आहे आणि त्या म्हाताऱ्या शेटजींना त्याने आपली पोटलीची गाठ शिकवली आहे. तिसरं पत्र चार ओळींचं होतं. ताप आहे, उतरेल.

उतरला नाही.

तार आली तेव्हा आप्पा मिलमध्ये होते. मीच ती घेऊन गेले. त्यांनी ती इंग्रजी तार उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मग आम्ही दोघं कलेक्टर कचेरीत गेलो. तिथला बाबू भला माणूस होता, त्याने दोन-तीन फोन लावले, पण माणसाला परत आणायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भिजलेलं पोतं परत कसं पाठवायचं ते करारात लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. आणि तिकडे उन्हाळा होता, देह ठेवून शेटजी आमच्या उत्तरासाठी थांबले होते.

तिथून तार ऑफिस. आप्पा बाकावर बसले, मान खाली. मी उभ्या उभ्या फॉर्मवर लिहिलं की, अंत्यविधी तिथेच करावेत, घरच्यांची संमती आहे, आम्ही ऋणी आहोत. खिडकीतल्या माणसाने वाचून विचारलं, "आणखी काही लिहायचंय का, ताई?"

मी म्हटलं, "नाही."

घरी आले. अव्वा भिंतीला टेकून बसली होती, शेजारच्या बायका भोवती. ती रडत नव्हती. मला जवळ बोलावून तिने एकच विचारलं. "बसवा म्हणून लिहिलंस ना? लिंग हातावर ठेवा म्हणून?"

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग, अंगाला विभूती, भोवती बेलाची पानं, आणि तसाच मातीत ठेवतात. लातुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच मला सुचलं नाही. फुटक्या दाण्याचं लिहिणाऱ्या मला माझ्या भावाचं लिहायचं सुचलं नाही.

"हाव," मी म्हटलं. "सगळं लिहिलं."

दुसऱ्या दिवशी तार ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी होते. दुसरी तार केली, की जाळू नका, मातीत बसवा. तिचा काही उपयोग झाला नव्हता, ते मला शेटजींच्या पत्रातून कळलं. पत्र मिलच्या पत्त्यावर आलं, माझ्याच हाती पडलं. त्यांनी लिहिलं होतं की, तुमची पहिली तार मिळताच त्याच संध्याकाळी सगळं केलं, माझ्या मुलाने अग्नी दिला, चंदन मिळालं नाही पण तूप कमी पडू दिलं नाही, अस्थी नदीच्या मुखाशी सोडल्या. तो समुद्र तुमचाही आहे, म्हणून तिथे सोडल्या. त्यांनी पोटच्या पोरासाठी करावं तेवढं केलं होतं. दुसऱ्या तारेबद्दल फक्त एवढंच होतं की, ती वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

मी ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अव्वाला नको." अव्वाला आम्ही सांगितलं की, नदीकाठी मोठं झाड आहे, त्याखाली त्याला बसवलं. तिने झाड कशाचं ते विचारलं. मी म्हटलं, वडाचं. लातूरजवळच्या मुरुडला आमच्या शेतात आजोबांची समाधी आहे, तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. अव्वा म्हणायची, "असू दे, त्याला तिकडं सावली तर हाय."

तूर आली. अण्णाने पारखलेली, पोटलीशी दाणा न् दाणा जुळणारी. मिलांचे पट्टे पुन्हा फिरू लागले, निवडणाऱ्या बायका पुन्हा सुपं घेऊन बसल्या, आणि सभेतल्या साहेबांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. मला त्या आवाजाचा राग यायचा. आजही एखाद्या डाळमिलसमोरून जाताना मी भराभर पावलं उचलते.

मालाच्या कागदांबरोबर शेटजींनी पुढच्या सौद्यासाठी नमुन्यांचा डबा पाठवला होता. आप्पांनी रीतीप्रमाणे तो न उघडता घरी आणून चुलीशी ठेवला. अव्वा पोटल्या सोडू लागली. मी दारात तांदूळ निवडत होते. एक पोटली, दुसरी पोटली. तिसरी तिने हातावर तोलली आणि थांबली. गाठ आमचीच होती, अण्णाने शिकवलेली. सोडली तर आत चांदीची डबी.

त्या भल्या माणसाला वाटलं, चांदीची वस्तू, आईला पोचली पाहिजे.

अव्वाने डबी उघडून पाहिली, मिटली, पदराने पुसली. ती लिंग ओळखणार नाही असं कसं होईल? आणि ते इथे आलं याचा अर्थ तिला कळणार नाही असं कसं होईल? ती डबी घेऊन देवघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मग येऊन जात्यापाशी बसली. त्या दिवशीची तूर तिने भरडली, शिजवली. बोटांनी दाबून पाहिली. "चांगली हाय," म्हणाली. वडाच्या झाडाचा विषय तिने त्यानंतर कधी काढला नाही. मला एक शब्द विचारला नाही. ती मला मारती, तोंडाला येईल ते बोलती, तर मी जगले असते नीट.

वीसेक वर्षांनी आप्पा गेले, त्यांना आम्ही मुरुडच्या शेतात बसवलं. पुढे अव्वा अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याजवळ राहायला गेले. एका दुपारी ती म्हणाली, "कागद घे. तुला यादी बरी करता येती."

मी वही घेतली. मला वाटलं, किराणा.

"लिही. पहिलं, जाळायचं न्हाई."

"अव्वा, हे काय लिहायचं? सगळ्यांना ठाऊक आहे."

"लिही तू."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"दुसरं, मांडी घालून बसवायचं. तिसरं, डाव्या हातावर माझं लिंग." ती दमली. मी पाणी पाजलं. मग म्हणाली, "चवथं, उजव्या हातावर त्याचं. त्याला बी एकदाचं बसू दे."

मला पुढचं दिसेना. वहीवर पाणी पडत होतं. तिने हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला, काडीसारखा हात, आणि म्हणाली, "आता वाच."

मी चारही ओळी वाचून दाखवल्या.

"हाव," अव्वा म्हणाली. "आता बराबर लिहिलंस."