पाहुण्यांच्या शेंगा

अभियंता हा राष्ट्राचा शिल्पकार असतो आणि एकजूट हे त्याचं पहिलं अवजार असतं. हे वाक्य माझं नाही. सत्तरच्या दशकात, सोलापुरात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट देताना आमच्या सरांनी ते उच्चारलं, आणि मला ते पटलंही होतं. मग दुसरं अवजार, म्हणजे कानस, मागायला आम्ही वर्कशॉपच्या स्टोअरकडे गेलो. स्टोअरकीपर रजेवर होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर गावाला गेली होती. तेव्हा सुरुवातीचे काही दिवस आम्ही पहिल्याच अवजारावर भागवलं.

गट हजेरीपटाच्या क्रमानं पाडले होते, म्हणजे आमची एकजूट मुळात आडनावांच्या आद्याक्षरांची होती. प्रत्येक गटाला एक यंत्र, एक अहवाल आणि चौघांना मिळून एकच गुण. त्यामुळे जबाबदारीची भावना वाढते, असं सरांचं म्हणणं. वाढली खरी, पण चौघांच्या वाट्याला सारखी आली नाही.

पटावर पहिला म्हणून जो आपोआप आमचा पुढारी झाला, त्याच्या वडिलांचं सात रस्ता चौकाजवळ तेलबियांचं दुकान होतं. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि चिडला की दोन्ही. शेंगा फोडायचं यंत्र करायचं हे त्यानंच ठरवलं, कारण कच्चा माल घरचा होता. दुसरा शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरी माग असल्यामुळे तो कॉलेजात हजेरीपुरता यायचा आणि हजेरी झाली की अदृश्य व्हायचा. तिसरा मी. माझं अक्षर बरं असल्यामुळे अहवाल माझ्याकडे आला. यंत्राचा पहिला बोल्टही बसला नव्हता तेव्हा त्याची प्रस्तावना आणि उपसंहार दोन्ही माझ्याकडे तयार होते.

चौथा मंगळवेढ्याकडचा. आमच्यात हत्यार धरता येणारा तो एकटा. गावाकडची कोरडवाहू जमीन मोठा भाऊ सांभाळत होता, आणि सोलापुरातल्या एका मिलनं याला सांगून ठेवलं होतं: पहिल्या खेपेला पास झालास तर जूनमध्ये ये, नाहीतर ती जागा दुसऱ्याची. गुण चौघांचा होता, पण जून त्याच्या एकट्याचा होता.

मला यंत्रापेक्षा जास्त कुतूहल निराळ्याच गोष्टीचं होतं. चार माणसं मिळून एक काम करतात, म्हणजे नेमकं काय करतात? मी बारकाईनं पाहत असे. एक जण काम करतो, बाकीचे धरून ठेवतात. जे धरून ठेवलेलं असतं त्याला बहुधा धरायची गरज नसते. मी स्वतः एक लोखंडी पट्टी एक अख्खी दुपार धरून उभा होतो. शेवटी मंगळवेढ्याचा म्हणाला, "ती खाली ठिवली तरी चालंल."

यंत्र साधं होतं. खाली अर्धगोल लोखंडी जाळी, तिच्यावर दांड्यानं फिरवायचा लाकडी रूळ. शेंग दोघांच्या मधे घासली जाऊन फुटते आणि दाणा जाळीतून खाली पडतो. सगळी मेख रूळ आणि जाळी यांच्यामधल्या फटीत. फट जास्त झाली तर शेंगेला काहीच होत नाही, कमी झाली तर दाण्याचा चुरा. मंगळवेढ्याचा नट सैल करून रुळाखाली पातळ वायसर घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, आणि दांडा फिरवताना डोळे मिटून आवाज ऐकायचा. मार्च सरता सरता एकदाचे दाणे अख्खे पडू लागले. तो पुरावा आम्ही खाऊन टाकला.

मग सरांनी यंत्र पाहिलं आणि म्हणाले, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, जरा शोभा आणा. पुढाऱ्यानं हिरवा ऑइलपेंट आणला आणि मन लावून दोन हात मारले.

"नटांवर बी लावलास व्हय?" मंगळवेढ्याच्यानं विचारलं.

"लावलं की. उगडं ठेवू का काय बे?"

"आता ते हलायचे न्हाईत."

"हलवायचंय कशाला? झालंय की सगळं."

परीक्षेच्या दिवशी एप्रिलच्या उन्हात सर कोट घालून आले. टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर फुलदाणी, यंत्राला कुंकू. विणकर घरातला आमचा गडी इस्त्रीच्या शर्टात हजर होता आणि यंत्राकडे कौतुकानं बघत होता, कारण पुरं झालेलं त्यानं ते प्रथमच पाहिलं. पुढारी दोन पिशव्या घेऊन आला. त्याच्या आईनं अख्ख्या पोत्यातून टपोऱ्या शेंगा हातानं निवडून एका पिशवीत भरल्या होत्या. दुसरीत निवडून उरलेल्या. त्या आमच्यासाठी, परीक्षा झाल्यावर खायला.

परीक्षक पुण्याकडचे, उंच, मितभाषी. पुढाऱ्यानं टपोऱ्या शेंगा यंत्रात ओतल्या आणि मंगळवेढ्याच्यानं दांडा फिरवला. खाली पडला तो चुरा.

सरांनी कोटाचं बटण लावलं. अशा वेळी गप्प राहायचं असतं हे आम्हा तिघांना माहीत होतं. विणकर घरातला मात्र आमच्यात फारसा राहिलेलाच नव्हता. त्यानं मनापासून विचारलं, "सर, पण असं का झालं?"

परीक्षकांचा चेहरा उजळला. ते वेगावर बोलू लागले. दांडा जोरात फिरला की दाण्याला धक्का बसतो. सर म्हणाले, अगदी बरोबर. पुढारी म्हणाला, अगदी बरोबर. मीही मान हलवली. इतकी एकजूट वर्षभरात कधी झाली नव्हती.

"हळू फिरवा," परीक्षक म्हणाले. हळू फिरवलं. चुरा जरा सावकाश पडला.

"मग रचनाच चुकली आहे," त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ऑक्टोबरला दुरुस्त करून आणा."

मी मंगळवेढ्याच्याकडे पाहिलं. तो चुऱ्याकडे बघत नव्हता, टपोऱ्या शेंगांच्या पिशवीकडे बघत होता. त्यानं तिच्यातली एक शेंग उचलली, दोन बोटांत फिरवली आणि म्हणाला, "सर, शेंग मोठी हाय."

"शेंग मोठी असणं हा काय गुन्हा आहे?"

"न्हाय सर. पर आमची फट बाजारातल्या शेंगंला लावलीया. ह्या निवडल्यात."

"कोणी निवडल्या?"

"आईनं, सर," पुढारी म्हणाला.

"कशासाठी?"

"तुमी येणार म्हणून की! पावण्यापुडं बारकी शेंग ठेवतेत का कुटं?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बरं. मग फट वाढवून दाखवा."

मंगळवेढ्याच्यानं पाना लावला. नट रंगाखाली सुखात होते. त्यानं पुढाऱ्याकडे पाहिलं, पुढाऱ्यानं छताकडे. मग मंगळवेढ्याचा खाली वाकून दुसरी पिशवी उचलू लागला, तर पुढाऱ्यानं तिचा बंद धरला.

"ती नको बे. त्या आपल्या हायत."

"सोड की."

"आई काय म्हणंल? सर, ह्या तुमच्यासाठी न्हाईत हो. उरल्यासुरल्या हायत."

"त्याच आणा," परीक्षक म्हणाले.

उरल्यासुरल्या शेंगा यंत्रात गेल्या. मंगळवेढ्याच्यानं या वेळी डोळे मिटून दांडा फिरवला. जाळीखाली दाणे पडू लागले, अख्खे, गुलाबी, एकामागून एक. परीक्षकांनी वाकून मूठभर उचलले, एक एक करून उलटसुलट पाहिले, आणि पाहता पाहता खाल्ले.

"म्हणजे," ते चावत म्हणाले, "पाहुणा नसेल तर तुमचं यंत्र चालतं."

"व्हय सर," मंगळवेढ्याचा म्हणाला.

त्यांनी गुण लिहिले, आणखी मूठभर दाणे घेतले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. त्यांच्या मागून जाता जाता सर म्हणाले, हे सगळं एकजुटीचं फळ. मी अजून त्यावर विचार करतो. नापास करणारा प्रश्न आमच्यातल्या ज्याला काहीच माहीत नव्हतं त्याचा. पास करणारं उत्तर ज्याचं काही पणाला लागलं होतं त्याचं. दोन्ही पिशव्या ज्या बाईंच्या, त्यांनी यंत्र पाहिलंही नव्हतं. पाचही बोटं होती; मूठ कधी झाली ते मला दिसलं नाही.

आम्ही चौघेही पहिल्या खेपेला पास झालो. जूनमध्ये मंगळवेढ्याचा मिलमध्ये रुजू झाला, आणि मिलनं त्याला टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडायला बसवलं. तिथे यंत्र म्हणावं असं एकच होतं, भिंतीवरचं घड्याळ, आणि त्याला चावी द्यायचं काम शिपायाकडे होतं.