वैजनाथची हजेरी

कंधारच्या आमच्या केंद्रात मानसिक आजार असलेली पंचवीसेक माणसं दिवसभर येऊन बसतात. वाती वळतात, कॅरम खेळतात, एकत्र जेवतात आणि चारच्या बसनं घरी जातात. केंद्र चालवणाऱ्या उमाबाई सकाळी वहीतून एकेक नाव पुकारायच्या. त्यात अर्धा तास जायचा, म्हणून मी अंगठ्याची मशीन बसवली.

दोन आठवड्यांनी कॉम्प्युटरवर एक ओळ पहिल्या दिवसानंतर कोरी दिसली. वैजनाथची. वय चव्वेचाळीस, सहा वर्षांत एक खाडा नाही.

मी त्याच्या गावी गेलो. तो ओसरीत खांबाला टेकून बसला होता. शेजारीच भाऊ बसवंत.

"तुम्हीच इचारा त्याला. आम्हाला काई सांगत न्हाई."

आतून वहिनी म्हणाली, "त्याला पण च्या देऊ का?"

विचारलं मला. मी तिथं तासभर होतो. तेवढ्यात त्या घरात वैजनाथचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. वाईट वागवत नव्हते. ताटात पोळी गरम होती, गोळ्या वेळेवर होत्या.

बसवंत बैलाकडे गेल्यावर मी विचारलं, "काका, येत का नाही?"

"माझं नाव काढलं न्हवं तुम्ही?"

"कुणी सांगितलं?"

"अंगठा लावला. 'हाय' म्हणलो. दोनदा म्हणलो. त्या मशीननं नाव घेतलं न्हाई."

"अहो, ती कुणाचंच घेत नाही."

"मग बाकीचे कशाला बसलेत तिथं?"

मी केंद्रावर परतलो.

उमाबाईंना सांगितलं. त्या हसल्या, मग टेबलाचा खण उघडून चाळू लागल्या. "इंजिनिअरसाहेब, माझी वही कुठं टाकली ते सांगा आधी."

सोमवारी पुन्हा नावं सुरू झाली. माझा निरोप मिळून आलेला वैजनाथ दारातच उभा होता, चपला हातात घेऊन.

"वैजनाथ शेषेराव."

उमाबाईंनी मान वर केली नाही, पुढचं नावही घेतलं नाही.

"वैजनाथ शेषेराव."

"हाय," तो म्हणाला आणि आत येऊन वातींच्या पाटाशी बसला.

आता तो रोज येतो. चारच्या बसला खिडकीशी बसतो. कंडक्टर ओळखीचा, न विचारताच तिकीट देतो. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या हजेरीपर्यंत त्याला कुणी नावानं हाक मारत नाही.