‘नाई’ म्हणणारा कॅप्टन

विमान उडवलेल्या प्रत्येक तासाची नोंद आम्हाला ठेवावी लागते, किश्शांची नाही. तरी ते साचतातच. मी को-पायलट, नालवाडीचा. माझे कॅप्टन मेश्रामभाऊ, सिंदी रेल्वे गावचे. सुट्टीत वर्ध्याला चहाला बसलो की एकेक निघतो. पूर्वी पोट धरून हसायचो, आता नुसतं हसतो.

*

माझ्या सुट्टीच्या दिवशी ड्युटी लावणाऱ्या मुलीचा फोन आला. मी झोपलेलो. आईनं उचलला.

"काकू, उठवा ना त्यांना! पायलट नाही, फ्लाइट अडलीय."

"काल थकून आला तो, झोप नाई झाली त्याची. तू बसशीन का त्याच्या इमानात?"

"छे हो काकू, मी ट्रेननंच जाते!"

*

धुक्यात उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाता यावं, म्हणून भाऊ थोडं जास्त इंधन घ्यायचे. कंपनीला तो खर्च वाटायचा. जास्त इंधन घेणाऱ्यांची यादीच नोटीस बोर्डावर लागली. भाऊंचं नाव सगळ्यात वर, लाल शाईत.

"पाय बाप्पा," ते म्हणाले, "दहावीत नाई आला, इथं आला पयला नंबर!"

ताकिदीचं पहिलं पत्र त्याबद्दलच आलं.

*

मग ‘पायलटचा थकवा’ या विषयावर लेक्चर ठेवलं. कधी? आमच्या सुट्टीच्या दिवशी! अर्धे पायलट घोरत होते. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं, मलाही. आताशा या सगळ्याचा रागही येत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

*

एकदा विमानाचं रडार बंद होतं, म्हणजे पुढचे ढग दिसणार नव्हते.

"सर, सकाळच्या कॅप्टननं असंच नेलं," इंजिनीअर म्हणाला. "आज ढग येणारच नाहीयेत."

"ढगाले सांगतलं का तसं?"

विमान बदलावं लागलं. दुसरं पत्र आलं: पुन्हा उड्डाण अडवलंत तर नोकरी जाईल. भाऊंची मुलगी सावंगीला डॉक्टरकी शिकतेय. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

*

पुढच्याच महिन्यात सरकारी इन्स्पेक्टर आले. सकाळी आमच्याच विमानात बसून त्यांनी आमचे ड्युटीचे तास तपासले. "एक मिनिटही जास्त चालणार नाही हं," असं बजावून गेले.

संध्याकाळी तेच साहेब परतीला आमच्याच फ्लाइटमध्ये. धुक्यानं विमान जागेवरच अडकलं आणि आमचे तास संपले. भाऊंनी ‘नाई’ कळवलं. मॅनेजरचे फोनवर फोन. तेवढ्यात साहेब कॉकपिटच्या दारात.

"कॅप्टन, चला ना. उद्या पुतणीचं लग्न आहे."

"सर, सकाळी तुम्हीच तर..."

"तपासणी सकाळी संपली. आता मी पॅसेंजर आहे!"

भाऊंनी कागद काढला, त्यावर ‘दोन तास जादा ड्युटीस परवानगी’ असं लिहिलं आणि पेन पुढे केलं.

"करा सही. लगेच निघतो."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग पेन परत दिलं.

"मी कशी सही करू? हे तर धोक्याचं आहे!"

भाऊंनी बॅग उचलली आणि विमानातून उतरले. सोमवारी तिसरं पत्र आलं.